आंबा घाट, भरलेली पिकअप आणि मधोमध थांबलेला काटा: वेगळं टेम्परेचर मीटर नेमकं कुठे बसवू?

हापूस_पावस | १४ नोव्हेंबर

नमस्कार. रत्नागिरीजवळ पावसला आमची हापूसची बाग आहे. मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत माल आपल्याच पिकअपने कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवतो. गाडी २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटर टर्बो डिझेल, १ लाख ६२ हजार किलोमीटर झालेली. चालवतो मी, बाबा शेजारी बसतात.

गेल्या एप्रिलमध्ये रात्री साडेअकराला साखरपा सोडून आंबा घाटाला लागलो. मागे दीड टनाच्या आसपास माल. पुढे एक ट्रेलर रांगत होता, त्यामुळे अर्धा घाट दुसऱ्या गियरमध्ये, मध्येच तिसरा. बाबा म्हणाले, "गोडसर वास कसला येतोय रे?" मी डॅशबोर्डवरच्या टेम्परेचरच्या काट्याकडे बघितलं. काटा मधोमध, रोज असतो तिथेच. म्हटलं पुढच्या गाडीच्या ब्रेकचा वास असेल. अजून दोन वळणं गेलो आणि गाडीची ओढ गेली, मागे पांढरा धूर. बाजूला घेऊन बोनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा होज क्लिपजवळ फाटलेला आणि आत थेंबभर पाणी नाही. तेव्हासुद्धा काटा मध्याच्या जरा खालीच होता. हे मी आणि बाबांनी दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय.

हेड गॅस्केट गेलं, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तो बेंड झाला, सरफेस मारून घ्यावं लागलं. ४१ हजार बिल आणि ऐन मोसमात अकरा दिवस गाडी उभी. त्या रात्री पेट्या दुसऱ्या टेम्पोत भरेपर्यंत पहाटेचे तीन वाजले. पिकत आलेला माल होता, त्यातला बराच कोल्हापूरला पोचेतो डागाळला. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं, कारण तो आंबा झाडावरून मी स्वतः झेल्याने उतरवला होता.

आता पुढच्या मोसमाआधी वेगळं मीटर बसवायचंच. ५२ मिलिमीटरचं डिजिटल मीटर मागवलंय, बझर असलेलं. सोबत पाण्याचा सेन्सर, वरच्या होजमध्ये कापून बसवायचा ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर आणि एक्झॉस्टचं तापमान मोजायचा प्रोबसुद्धा आलाय. रत्नागिरीतले आमचे इलेक्ट्रिशियन म्हणतात, ॲडॅप्टरची कटकट नको, मूळ सेन्सरच्या वायरीलाच जॉइंट मारून देतो. एक्झॉस्टच्या प्रोबसाठी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या पाइपला, भोक पाडावं लागेल म्हणतात, त्याची मला भीती वाटते. आणि बझर किती डिग्रीला लावू? ज्यांनी स्वतः बसवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

ओबीडी_नाशिक | १४ नोव्हेंबर

एवढा खटाटोप कशाला? ब्लूटूथ ओबीडी रीडर घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचतो तो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाइलवर पाण्याचं तापमान, टर्बोचं प्रेशर सगळं आकड्यात दिसतं. एकही वायर कापायची नाही. मी कसाऱ्याला तेच बघत चढतो. काटा मध्ये असताना आकडा ८२ पासून १०३ पर्यंत फिरलेला मी पाहिलाय, काटा तसूभर हलत नाही.

डिझेल_कराड | १५ नोव्हेंबर

पावसकर दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. कुंभार्ली उतरून-चढून आलेल्या अशा गाड्या दर मोसमात माझ्याकडे येतात. २३ वर्षं डिझेलचं काम करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी काट्याचं. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम बधिर केलेला असतो. साधारण ७५ पासून १०५ पर्यंत तो मधोमधच ठेवतात, म्हणजे चढावर काटा जरा वर गेला की गिऱ्हाईक घाबरून गॅरेजला येत नाही. तो हलायला लागतो तेव्हा वेळ गेलेली असते. नाशिकच्या भावांनी सांगितलेला रीडर खरा आकडा देतो, तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे, आणि आपल्या गाडीची चाल समजून घ्यायला महिनाभर जरूर वापरा. पण दादा, तुमच्या गाडीचं त्या रात्री जे झालं, ते रीडरने दिसलं नसतं. कारण रीडर त्याच सेन्सरचं वाचतो. तो सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं बोलतो. पाणी संपलं की तो हवेत नि वाफेत लोंबकळतो, धातूची उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि आकडा वर जायच्या ऐवजी खाली येतो. तुमचा काटा मध्याच्या खाली होता म्हणालात ना, ते अगदी जुळतं.

म्हणून माझं सांगणं, पाण्याचं नको, धातूचं तापमान मोजा. बोल्टखाली दाबायचा, रिंगच्या आकाराचा सेन्सर मिळतो. तुमच्या मीटरला चालणारा त्याच बनावटीचा मागवा, कारण प्रत्येक मीटरचा सेन्सर वेगळ्या रेझिस्टन्सचा असतो, दुसरा लावला तर आकडा भलताच येतो. तो हेडवर बसवायचा. हेड बोल्टला हात लावायचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हेड बोल्ट ठरलेल्या टॉर्कने ओढलेले असतात, एक सैल केला तरी गॅस्केटला धोका. इंजिन उचलायला हेडवर जो हुक असतो, त्याचा बोल्ट बघा, नाहीतर हेडला एखादं रिकामं आट्याचं भोक असतं. जागा थर्मोस्टॅटच्या बाजूची, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून शक्य तेवढी लांब. बसवायच्या आधी तिथला रंग नि गंज पॉलिश पेपरने काढून पांढरा धातू दिसला पाहिजे. रिंगखाली वॉशर घालू नका. मधे जे काही येईल ते उष्णता अडवेल.

होजमधला ॲडॅप्टर वाईट नाही, पण एक होज कापला की गळतीच्या दोन नव्या जागा तयार होतात. तुमचा होजच फुटला होता, तेव्हा मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

बसवायच्या आधी मीटर तपासा. पातेल्यात पाणी उकळवा, सेन्सर नुसता बुडवा, तळाला टेकू देऊ नका. पावसला तुम्ही समुद्रकाठी आहात, ९९-१०० दाखवलं पाहिजे. माझ्याकडे कराडला तेच मीटर ९८ च्या आसपास दाखवेल, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णव. उंचीवर पाणी लवकर उकळतं, मीटर बिघडलं असं समजू नका. मग बर्फाच्या पाण्यात घाला, शून्याजवळ आलं की काम झालं.

बझरचा आकडा मी सांगणार नाही, तुमची गाडी सांगेल. बोल्टच्या जागेप्रमाणे आकडा चार-पाच डिग्री इकडेतिकडे होतो. सपाटीला किती राहतो, भरल्या गाडीने घाट चढताना जास्तीत जास्त किती जातो, हे चार-पाच खेपांत वहीत लिहा. त्या जास्तीत जास्त आकड्याच्या ८ ते १० डिग्री वर बझर लावा.

आता एक्झॉस्टचा प्रोब. त्याचं दुखणं वेगळं आहे. डिझेलमध्ये हवा भरपूर असते, तापमान ठरतं ते डिझेल किती पडतं यावर. वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटली, आरपीएम खाली, टर्बो नीट हवा देत नाही, डिझेल मात्र पडतंय, काळा धूर निघतोय, तेव्हा टर्बोच्या आधी एक्झॉस्ट ७०० च्या वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. पिस्टनला खालून ऑइल थंड करतं आणि ती आग त्याला सतत लागत नाही म्हणून तो टिकतो, पण सात-आठ मिनिटं सलग ७०० च्या वर ठेवलंत तर टर्बो नि व्हॉल्व्ह दोन्हीचं आयुष्य जातं. उपाय साधा, एक गियर खाली. आरपीएम वाढला की हवा वाढते, वॉटर पंप नि फॅनही जोरात फिरतो, एक्झॉस्ट नि पाणी दोन्ही उतरतात. घाटात दुसरा गियर लागला तर लागू द्या, त्यात कमीपणा नाही.

पण तुमची गाडी कंपनीच्याच सेटिंगवर असेल, जास्त डिझेल पडावं म्हणून डिझेलचा पंप वाढवलेला नसेल, तर तो प्रोब पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवा. मॅनिफोल्ड गाडीवर असताना भोक पाडणारे पुष्कळ आहेत, ड्रिलला ग्रीस लावतात, इंजिन चालू ठेवून कीस बाहेर उडवतात. मी ते करत नाही. बिडाचा एक कण टर्बोच्या पंख्यात गेला तर तो पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो. मॅनिफोल्ड खोलून टेबलावर घ्यायचं, सगळ्या सिलिंडरचं एक्झॉस्ट जिथे एकत्र येतं तिथे भोक, मग आटे, मग हवा मारून साफ. आट्यांचं एक बघा. बहुतेक किटमध्ये एनपीटीचे, म्हणजे अमेरिकन मापाचे आटे येतात, इंचाला २७. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) देतात, इंचाला २८. दोन-तीन फेरे छान बसतं, मग आवळतं आणि एक्झॉस्ट फुसफुसायला लागतो. टॅप किटच्या आट्यांशी ताडूनच घ्या.

ओबीडी_नाशिक | १५ नोव्हेंबर

कराडकर काका, पाणी संपल्यावर आकडा खाली येतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी दोन वर्षं त्याच भरवशावर कसारा चढतोय. रिंगचा सेन्सर मीही बघतो.

सांगली_ऑटोइलेक्ट्रिक | १६ नोव्हेंबर

दादा, मूळ सेन्सरच्या वायरीला जॉइंट मारू देऊ नका. मी सांगलीत बारा वर्षं ऑटो वायरिंगचं काम करते, अशा जॉइंटमुळे बिघडलेल्या गाड्या माझ्याकडे नीट करायला येतात.

त्या सेन्सरला इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ५ व्होल्ट देतो आणि किती व्होल्ट उरले त्यावरून इंजिन गरम की थंड हे ओळखतो. दुसरं मीटर त्याच वायरीवर आलं की ते व्होल्ट बदलतात. मग इंजिन थंड असताना इसीएमला गरम वाटतं किंवा उलट. सकाळी थंड इंजिन चालू करताना तापणारा ग्लो प्लग पुरेसा वेळ तापत नाही, डिझेलचं प्रमाण चुकतं, चेक लाइट येते. तुमचं नवं मीटरही खोटं बोलेल आणि जुनंही. नव्या मीटरला त्याचा स्वतःचा सेन्सर, त्याची स्वतःची वायर.

पॉझिटिव्ह घेताना इग्निशन चालू झाल्यावर येणारी लाइन घ्या, तीही फ्यूज बॉक्समधून, स्वतंत्र २ अँपिअरचा फ्यूज टाकून. ग्लो प्लग ज्या रिलेवर आहेत तिथून घेऊ नका, ते तापताना इतका करंट ओढतात की व्होल्टेज खाली बसतं आणि मीटर दर वेळी बंद-चालू होतं. बॅटरीवरून थेट घेतली तर गाडी उभी असतानाही मीटर चालू राहील. लाइट मंद करायची वायर पार्किंग लाइटच्या लाइनवर. किटमधल्या वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, रंगावर जाऊ नका, सोबतचा कागद बघा नि मल्टिमीटरने खात्री करा.

अर्थिंगवर सगळ्यात जास्त घोळ होतो. एका वायरीचा सेन्सर असेल तर त्याचं अर्थिंग आट्यांतून होतं. त्यावर टेफलॉन टेपचे सहा वेढे मारले की अर्थिंग तुटतं. होजमधल्या ॲडॅप्टरचं तर विचारू नका, दोन्ही बाजूंना रबर, त्याला वेगळी अर्थिंगची वायर जोडल्याशिवाय मीटर काहीच दाखवत नाही, आणि लोक मीटर खराब म्हणून परत पाठवतात. दोन वायरींचा सेन्सर असेल तर ही भानगड नाही. मीटरचं अर्थिंग डॅशबोर्डच्या कुठल्याही स्क्रूला न देता इंजिनच्या मुख्य अर्थिंगजवळ न्या, आकडा थरथरत नाही.

इंजिनकडून केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याला नुसतं भोक पाडून ओढू नका. तिथे रबरी ग्रोमेट असतो, त्यातूनच न्या, नाहीतर पत्र्याच्या धारेवर दोन मोसमांत इन्सुलेशन कापलं जातं. वायर कन्ड्यूट पाइपमध्ये, टर्बोपासून लांब, इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवून. जॉइंट सोल्डर करून वर हीट श्रिंक. पिळून काळी टेप मारलेला जॉइंट कोकणच्या पावसात एका वर्षात हिरवा पडतो.

आणि एक्झॉस्टचा प्रोब लावाल तेव्हा त्याची वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडू नका. के टाइपचा थर्मोकपल आहे तो, दोन वेगळ्या धातूंच्या तारांतून डिग्रीमागे ४१ मायक्रोव्होल्ट एवढासाच दाब निघतो. वाढवायचीच तर के टाइपचीच वायर लागते, प्लस-मायनस सांभाळून.

पर्थकर_मूळचिपळूण | १७ नोव्हेंबर

मी ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. इथे उत्तरेकडे गेलं की दोन पेट्रोल पंपांत दोनशे किलोमीटर माणूस दिसत नाही, म्हणून कॅरव्हॅन ओढणाऱ्या डिझेल गाड्यांना लोक दोन गोष्टी आवर्जून लावतात. एक हेडच्या धातूचं तापमान, जे वर सांगून झालंच आहे. दुसरी, पाणी कमी झाल्याचा अलार्म. कूलंटमधून थोडी वीज वाहते, त्यावर तो चालतो. प्रोब कोरडा पडला की बझर वाजतो, म्हणजे इंजिन तापायच्या आधीच कळतं. तुमच्या केसमध्ये बहुधा पहिल्या वळणालाच वाजला असता.

तो प्रोब रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा वरच्या होजमध्ये हवा. बाजूच्या प्लॅस्टिकच्या ओव्हरफ्लो बाटलीत लावू नका. होज फुटल्यावर रेडिएटर रिकामा होतो, पण बाटलीतलं पाणी तसंच राहू शकतं, कारण ते परत ओढायला लागणारा व्हॅक्यूमच उरत नाही. ज्या गाड्यांत टाकी स्वतःच प्रेशरखाली असते, म्हणजे प्रेशरचं झाकण टाकीवर असतं, त्यांत टाकीत लावलेला चालतो. तुमचं झाकण कुठे आहे ते बघा.

हापूस_पावस | १८ नोव्हेंबर

कराडकर काका, सांगलीच्या ताई, पर्थकर, तिघांचे मनापासून आभार. आमच्या गाडीचं झाकण रेडिएटरवरच आहे, बाटली नुसती ओव्हरफ्लोची. हुकाचा बोल्ट आज बघितला, थर्मोस्टॅटपासून वीतभर अंतरावर आहे. काका, एकच विचारायचंय. बझर वाजला तर पहिल्यांदा काय करू? इंजिन लगेच बंद?

डिझेल_कराड | १८ नोव्हेंबर

पाणी आहे की गेलंय यावर आहे. पाणी शाबूत असेल, नुसता चढ नि लोड असेल, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन चालू ठेवा, एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर नि पंखा जोरात. पाणी फिरत राहिलं की हेड सगळीकडून सारखं उतरतं. पण खाली धार दिसली, वाफ आली, किंवा पर्थच्या भावांचा अलार्म वाजला, तर त्या क्षणी बंद. मग किल्लीला हात लावायचा नाही. झाकण अर्धा तास तरी उघडायचं नाही. तापलेल्या इंजिनवर किंवा आत गार पाणी ओतायचं नाही, घाईत हेड तडकवलेली माणसं मी पाहिलीत.

हापूस_पावस | ९ एप्रिल

पुन्हा लिहायला उशीर झाला, मोसम सुरू झाला. सगळं डिसेंबरमध्येच बसवलं. रिंगचा सेन्सर हुकाच्या बोल्टखाली, दोन वायरींचा मिळाला. उकळत्या पाण्यात ९९ दाखवलं. इलेक्ट्रिशियनना ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, त्यांनी मनावर घेऊन फ्यूज बॉक्समधून स्वच्छ लाइन काढून दिली. पाण्याच्या अलार्मचा प्रोब रेडिएटरच्या वरच्या टाकीवर रेडिएटरवाल्याकडून बसवून घेतला. टाकी पितळेची होती म्हणून जमलं. जुने होज नि क्लिपा सगळ्या बदलल्या.

वही बाबांनी ठेवलीय. रिकाम्या गाडीने हातखंब्यापर्यंत ८४-८६. भरल्या गाडीने आंबा घाट तिसऱ्या गियरमध्ये १०१ पर्यंत गेला, त्याच वळणांवर दुसऱ्या गियरमध्ये ९६. काका, तुम्ही म्हणालात ते आकड्यात समोर दिसलं तेव्हा बाबा मोठ्याने "बघ!" म्हणाले. बझर ११० ला लावलाय.

परवाच्या खेपेची गोष्ट सांगण्यासारखी. माल तेवढाच, दुसराच गियर, पण आकडा १०४ ला पोचला. बझर वाजला नाही, पण वहीत तिथे ९६ लिहिलेलं. घाटमाथ्यावर आंबा गावात पोचल्यावर थांबलो. पाणी बरोबर, गळती कुठेच नाही. परत येताना पालीत बॉनेट उघडून टॉर्च मारला तर रेडिएटरच्या पुढच्या जाळ्या जांभ्याच्या लाल धुळीने नि गवताच्या कुसळांनी बुजलेल्या. रस्त्याचं काम चालू आहे, त्याची धूळ. घरी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारून धुतलं, बादलीभर लाल चिखल निघाला. काल रात्रीच्या खेपेला तीच वळणं ९५.

एक्झॉस्टचा प्रोब कपाटात ठेवलाय. काका, जूनमध्ये बाग आवरली की गाडी कराडला घेऊन येतो, मॅनिफोल्ड तुम्हीच खोला. दोन दिवस लागतील का तीन, तेवढं कळवा, म्हणजे त्याप्रमाणे खतं आणायची सोय करतो. येताना शेवटच्या तोडीची एक पेटी घेऊन येईन.